लोंबीचा ठसा

जगात कोणाला कशासाठी कामावर ठेवतील याचा नेम नाही. सातिवलीच्या त्या शेडमध्ये पंधरा बायका तांदळाच्या वाट्या करत, आणि त्यातल्या एकीला त्या वाट्या खायचंही काम होतं. ती एक म्हणजे चांदीपची जयवंती. गिऱ्हाईक आलं की मालक तिला साच्यावरून उठवायचा, हात धुवायला लावायचा, डोक्यावरची जाळीची टोपी काढून पदर घ्यायला सांगायचा आणि चार माणसांसमोर उभी करायचा. जयवंतीने वाटीतली उसळ खायची आणि उसळ संपली की वाटीही कडाकडा चावून संपवायची. गिऱ्हाईक टाळ्या वाजवायचं.

"आमची बायको जेवते आनि वर भांडंबी खाते," असं तिचा नवरा सदानंद गावभर सांगत फिरायचा. "घासावाची कटकट नाय."

जयवंतीलाही त्या कामाचा थोडा गर्वच होता. आयुष्यभर भात लावला, कापला, झोडला, कोणी टाळी वाजवली नव्हती. पण त्या सोमवारी सकाळी तिच्या तोंडाची चवच गेली होती. रतनीने दोन दिवस चाऱ्याला तोंड लावलं नव्हतं.

रतनी तिची माहेरची गाय. भावाने वासरू असताना दिली होती आणि जयवंतीने ती दाव्याने धरून चालत चांदीपला आणली होती. आता ती पाच महिन्यांची गाभण होती. मागचं वेत वाया गेलं होतं, म्हणून या खेपेला जयवंती तिला सुनेसारखी जपत होती. सून उन्नतीने हे एकदा ऐकलं आणि म्हणाली, "आई, मला कधी एवढं जपलं होतं का?" तेव्हा सगळे हसले होते.

आता गोठ्यात कोणी हसत नव्हतं. सदानंदने रतनीच्या डाव्या कुशीवर टिचकी मारली. ढोलकीसारखा आवाज आला.

"शेन?" जयवंतीने विचारलं.

"काल दुपारपासून नाय."

"रवंथ?"

सदानंदने नकाराची मान हलवली. त्याने रात्री ओवा आणि हिंग घालून तेल पाजलं होतं. ते अर्धं त्याच्या सदऱ्यावर सांडलं होतं आणि सदरा अजून तोच होता. "तू जा कामावर. मी हाय. डॉक्टरला फोन केलाय, त्यो उद्याचं बोलतो."

जयवंतीचा पाय निघेना. तिने कोपऱ्यातली गोणी उघडली, त्यातल्या चार फुटक्या वाट्या काढल्या, त्यांना गुळाचं पाणी लावलं आणि रतनीच्या तोंडाशी धरल्या. वाट्यांवर रतनीचा जीव होता. चारा असू दे, पेंड असू दे, आधी वाट्या. रतनीने मोठे डोळे करून बाईकडे पाहिलं आणि निव्वळ तिचं मन मोडायला नको म्हणून असावं, एक वाटी तोंडात घेतली आणि सावकाश गिळली.

"बघा, खाल्ली," जयवंती म्हणाली. तिला तेवढाच धीर आला.

या गोणीचीही एक गोष्ट आहे. शेडमध्ये साच्यातून निघालेल्या दहा वाट्यांत एक तरी तडकायची. कणीचं पीठ, नाचणी, केळ्याचं पीठ, गुळाचं पाणी, एवढं सगळं चांगलंचुंगलं घालून केलेली वस्तू, आणि कड तुटली म्हणून ती कचऱ्याच्या डब्यात जायची. पहिल्या आठवड्यातच जयवंतीला ते बघवेना. अन्नाला चुकून पाय लागला तर नमस्कार करणारी बाई ती. तिने मालकाला विचारलं, "या फुटक्या मी घरी नेऊ?"

मालक कौस्तुभ तिशीतला पोरगा, आचोळ्याच्या फ्लॅटमध्ये राहणारा, चांगली नोकरी सोडून प्लास्टिक बंद करायला निघालेला. तो लॅपटॉपमधून मानही वर न करता म्हणाला, "न्या ना मावशी. काय पाहिजे ते करा."

तेव्हापासून रोज एक गोणी चांदीपला यायची. अर्धी रतनीला, मूठभर शेजारी, आणि चांगल्या कडेच्या दोन-चार नात रिद्धीला चहात बुडवून खायला. रिद्धी पाच वर्षांची. आई-बाप कामावर, म्हणून दिवसभर आजोबांच्या मागे.

*

त्या दिवशी विरारचा एक केटरर आला होता. लग्नसराईचे दिवस, त्याला अकराशे वाट्या हव्या होत्या. सोबत एक माणूस व्हिडिओ काढायला. कौस्तुभने नेहमीप्रमाणे कपाटातला छोटा डबा काढला आणि त्यातली वाटी स्वतःच्या हाताने जयवंतीला दिली. होळीनंतर त्याने हा नवा रिवाज सुरू केला होता. आधी ती ढिगातली कुठलीही वाटी उचलून खायची. आता मालक स्वतः डब्यातून काढून देतो याचं तिला अप्रूप वाटायचं. पाहुण्याला वेगळं ताट काढावं तसं.

होळीनंतर आणखीही एक बदल झाला होता. नुसत्या पिठाच्या वाटीत गरम डाळ घातली की सात-आठ मिनिटांत बूड ओलं व्हायचं. एका लग्नात नवऱ्या मुलाच्या मामाच्या पांढऱ्या पँटवर आमटी गळली आणि मालकाला नको नको ते ऐकून घ्यावं लागलं. मग कौस्तुभने पातळ, चकचकीत पापुद्र्याच्या गुंडाळ्या आणल्या. साच्यात आधी पापुद्रा, त्यावर पिठाचा गोळा, वरून दाब. "मक्यापासून केलेला आहे, मावशी," त्याने सगळ्यांना गोळा करून सांगितलं होतं. "पोटात विरघळतो." साच्याच्या बुडात भाताची लोंबी कोरलेली होती. पापुद्रा आल्यापासून ती लोंबी वाटीच्या तळाला फार देखणी उठायची. जयवंती साच्यातून वाटी काढली की अंगठा त्या लोंबीवरून फिरवायची. मनगटावर चटक्यांचे डाग पडले होते, पण लोंबी बघून बरं वाटायचं.

"मावशी, जरा हळू चावा," व्हिडिओवाला म्हणाला. "आवाज यायला पाहिजे."

तिने हळू चावलं.

"सावली पडली. पुन्हा एकदा."

कौस्तुभने डब्यातून दुसरी वाटी दिली. मग तिसरी. तिसऱ्या वाटीला जयवंतीच्या घशात कोरड पडली आणि तिला ठसका लागला. केटरर हसला. "अहो, मावशींना पाणी द्या. मेल्या तर माझी ऑर्डर कॅन्सल." सगळे हसले, तीही हसली. गिऱ्हाइकापुढे रडकं तोंड करून कसं चालेल? पदराने ओठ पुसताना तिच्या डोळ्यांपुढे रतनीची फुगलेली कूस होती. तेवढ्यात कमरेला खोचलेला फोन वाजला.

"रतनी बसली गो," सदानंद म्हणाला. "उठंना."

*

गुरांचा डॉक्टर दुसऱ्या दिवशी सकाळी आला. कुशीत हात दाबून, कान लावून त्याने दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाला, "पोट उघडावं लागेल. आज नाही उघडलं तर उद्या मला बोलवू नका."

"आनि पोटातला जीव?" जयवंतीने विचारलं.

"आधी ही जगू दे."

चौघांनी मिळून रतनीला उभी केली आणि दोन बांबूंच्या मध्ये बांधली. डॉक्टरने डाव्या कुशीवरचे केस वस्तऱ्याने काढले, सुया टोचल्या, जागा बधिर केली. सदानंदने नाकातली वेसण धरली आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. जयवंतीने मात्र पाहायचं ठरवलं होतं. रतनीच्या मानेवर हात ठेवून ती उभी राहिली. शेजारची मनोरमा आली, तिच्या मागे आणखी चार-पाच जण आले. गावात एखाद्याच्या गोठ्यात डॉक्टर आला की लोक विचारायला म्हणून येतात आणि बघायला थांबतात.

डॉक्टरने खांद्यापर्यंत हातमोजा चढवला, कापलेल्या जागेतून हात आत घातला आणि काहीतरी ओढायला लागला. ते येईना. त्याने पाय रोवले आणि पुन्हा ओढलं. मग ते आलं. हिरवट, काळपट, वळकटीसारखं, एकात एक गुंतलेलं. धप्पकन घमेल्यात पडलं आणि असा वास सुटला की मनोरमाने पदर नाकाला लावला. डॉक्टरने पुन्हा हात घातला. पुन्हा तेच. घमेलं भरलं. दुसरं आणलं. तेही भरलं.

"प्लास्टिक," डॉक्टर म्हणाला. "रस्त्यावर सोडता काय गायीला?"

जयवंतीच्या कानशिलात मारल्यासारखं झालं. "माझी गाय रस्त्यावर जात नाय."

"सगळे हेच सांगतात, बाई."

"नाय जात! दाव्याला असते. चरावाला नेली तं हे सोबत असतात!"

डॉक्टरने असली पोटं पुष्कळ पाहिली होती आणि असल्या बायकाही. मागून कोणीतरी म्हणालं, "हायवेच्या पिशव्या वाऱ्यानं उडून शेतात येतात." दुसरा म्हणाला, "ढोराला काय कलतं." मनोरमाने जयवंतीच्या खांद्यावर हात ठेवला. "जावदे गो. तुझा काय दोष?"

टाके घालेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. डॉक्टरने औषधं लिहून दिली. "तीन दिवस बघा. रवंथ सुरू केलं तर गाय वाचली. नाही केलं तर..." त्याने हात धुतले आणि गाडीवर बसला.

लोक पांगल्यावर जयवंती घमेल्यांपाशी उकिडवी बसली. सदानंद म्हणाला, "काय बघतेस? लांब खड्डा करून पुरतो." पण तिच्या मनात ते शब्द सलत होते. रस्त्यावर सोडता काय. पिशवी तर पिशवी, कुठली आहे ते तरी बघू, कुठल्या दुकानाची, कुठून उडून आली. तिने एक गुंता बादलीत घातला, चोळला, पाणी ओतलं, पुन्हा चोळला. हिरवा गाळ निघून गेला. आतून पातळ, पारदर्शक काहीतरी उलगडायला लागलं. तिने एक तुकडा सोडवला आणि उजेडाकडे धरला.

गोल तुकडा होता. त्याच्या मधोमध भाताची लोंबी होती.

तिने दुसरा सोडवला. लोंबी. तिसरा चावून फाटला होता, त्यावर अर्धी लोंबी. भराभर ती सोडवत गेली, एकेक करून पायरीवर मांडत गेली, आणि प्रत्येकावर तीच, तिच्याच साच्यातली, तिच्याच अंगठ्याखालून गेलेली लोंबी. तांदूळ विरघळून गेला होता. नाचणी, केळं, गूळ, सगळं गायीच्या अंगी लागलं होतं. विरघळायचं ते तेवढं विरघळलं नव्हतं.

"आवो," ती ओरडली. सदानंद कुदळ टाकून धावत आला तेव्हा ती पायरीकडे बोट दाखवत बसली होती.

त्याने पाहिलं. त्यालाही कळायला वेळ लागला. "ह्ये तं तुझ्या वाट्यांचं गो," तो म्हणाला.

जयवंती त्याच्याकडे बघत नव्हती. ती बघत होती अंगणात, जिथे रिद्धी मांजराच्या शेपटीला दोरी बांधायच्या खटपटीत होती. तिला आठवलं. पंधरा दिवसांपूर्वीची सकाळ. चहात बुडवलेली वाटी चघळून चघळून रिद्धी म्हणाली होती, "आजी, ही चावत नाही. चिवट झालीय." आणि तिने हातावर काहीतरी थुंकायला तोंड उघडलं होतं. जयवंतीने डोळे वटारले होते. "अन्न थुंकायचं नाय! पाप लागतं. गीळ." पोरीचे डोळे भरले होते. आजीला घाबरून तिने ते गिळलं होतं. एकदाच नव्हे. नंतर दर वेळी रिद्धी न बोलता गिळत होती, आणि जयवंतीला वाटत होतं, शहाणी झाली पोर.

*

त्याच कपड्यांनी, शेणाच्या हातांनी ती सातिवलीला गेली. रिक्षावाल्याने नाक मुरडलं तरी तिला कळलं नाही. शेडमध्ये साचे धडधडत होते. कौस्तुभच्या टेबलावर तिने तो पापुद्रा पसरला.

"ह्यो मक्याचा?"

कौस्तुभने आधी तिच्या हातांकडे पाहिलं, मग पापुद्र्याकडे. लोंबी दिसल्यावर तो उठून उभा राहिला. "हे कुठून आणलं?"

"माझ्या गायीच्या पोटातून."

तो हळू आवाजात म्हणाला, "मावशी, पहिल्या गुंडाळ्या मक्याच्याच होत्या. शपथ. पण गरम डाळीत त्या फाटायच्या. तीन आठवडे मी रोज प्रयत्न केले. मग हा घेतला."

"ह्यो कसला?"

"साधा. पण खाण्याच्या वस्तूंना चालतो असा, दुधाच्या पिशवीसारखा."

"खोक्यावर लिवलंय, खावाची वाटी."

"मावशी, खरं सांगू? खातं कोण?" तो एकदम बोलायला लागला, जणू कित्येक दिवस हे कोणाला तरी सांगायचं होतं. "दीड वर्षात हजारो वाट्या गेल्या. मी लग्नांत जाऊन उभा राहतो, बघतो. लोक वाटी हातात घेतात, फोटो काढतात, वा वा म्हणतात आणि टबात टाकून देतात. एकानेही खाल्लेली मी पाहिली नाही. एकानेही! मग म्हटलं, निदान गळू तरी नये. धंदा टिकला तर पुढे चांगला पापुद्रा आणता येईल."

"मी खाते की!"

"तुम्हाला मी वेगळी देतो ना. डब्यातली. त्यात पापुद्रा नसतो. तुमच्या पोटाची काळजी मी घेतली होती, मावशी."

तो डबा! पाहुण्याचं ताट! म्हणजे याला माहीत होतं. डबा सुरू केला त्या दिवसापासून माहीत होतं की ही वस्तू माणसाने पोटात घालायची नाही, आणि तरी त्याने तिला चार माणसांसमोर उभं करून चावायला लावलं होतं, आवाज येईल असं.

"आनि गोनीतल्या?" तिने विचारलं.

"कुठल्या गोणीतल्या?"

"फुटक्या! रोज नेते मी, तुम्हाला इचारून नेते. गायीला घातल्या. शेजारी वाटल्या. माझ्या नातीनं खाल्ल्या!"

कौस्तुभचा चेहरा पांढराफटक पडला. "मला वाटलं," तो म्हणाला, "मला वाटलं तुम्ही चुलीत घालायला नेता. जळण म्हणून."

"तांदूळ? चुलीत?"

आता थक्क व्हायची पाळी तिची होती. तांदूळ चुलीत घालणारी बाई तिने उभ्या जन्मात पाहिली नव्हती, आणि फेकायची वस्तू गायीला, नातीला घालणारं माणूस त्याने पाहिलं नव्हतं. दीड वर्ष एका छपराखाली काम करून दोघांनाही एकमेकांचं एवढंसुद्धा माहीत नव्हतं.

साचे कधी थांबले ते कळलं नाही. चौदा बायका हातातलं काम टाकून उभ्या होत्या. कौस्तुभ म्हणाला, "नातीला डॉक्टरकडे न्या. मी गाडी देतो, काय लागेल ते देतो. फक्त हे बाहेर... परवा अकराशे वाट्यांची ऑर्डर आहे, मावशी. ही शेड बंद पडली तर पुन्हा थर्माकोलच येईल." तो खोटं बोलत नव्हता, म्हणूनच तिला त्याचा जास्त संताप आला.

दाराशी तिच्याच शेजारच्या साच्यावरच्या बाईने तिचा पदर धरला. "जयवंती, तुझी गाय वाचल गो. पन आमच्या चुली इझतील. नको बोलू कोनाला."

जयवंतीने पदर सोडवून घेतला.

*

संध्याकाळी उन्नती कामावरून आली तेव्हा जयवंतीने तिला पाणीही पिऊ दिलं नाही. आधी सगळं सांगितलं. गायीचं सांगितलं, पापुद्र्याचं सांगितलं, आणि शेवटी, खाली मान घालून, "गीळ" म्हणाल्याचंही सांगितलं. ते सांगितलं नसतं तर कोणाला कळलं नसतं.

उन्नतीने आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं झालं असतं. तिने रिद्धीला उचललं आणि तशीच दवाखान्यात घेऊन गेली. तास-दीड तासाने परत आली. पोट मऊ आहे, लहान तुकडे आपोआप पडून जातात, आठ दिवस लक्ष ठेवा, असं डॉक्टरने सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना उन्नतीने ओट्यावर एक डबा ठेवला. "आई, रिद्धीला यातलंच द्या. मी सांगेन तेच आणि तेवढंच." ज्या घरात तीस वर्षं जयवंतीच्या हातचं जेवण झालं, तिथे आता नातीचा डबा वेगळा झाला. ती "बरं" म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

मग धुतलेले पापुद्रे एका कागदात गुंडाळून ती गावात निघाली. पंधरा दिवसांपूर्वी मनोरमाच्या मुलीची हळद झाली होती. थर्माकोलच्या वाट्या नकोत, या घ्या, म्हणून जयवंतीनेच गळ घातली होती. मांडवात उभं राहून, वाटी खाऊन दाखवून. ती सोबत नेलेली वाटी मात्र कौस्तुभने आदल्या दिवशी डब्यातली दिली होती. "मांडवात दाखवायला," म्हणाला होता. जेवणं झाल्यावर उष्ट्या वाट्या कोणी फेकू नयेत, तांदूळ आहे, ढोरांना घाला, हेही तिनेच ओरडून सांगितलं होतं. सहा घरांच्या गोठ्यांत त्या वाट्या गेल्या होत्या.

मनोरमाला आधी पटेना. "गो, तुझ्या गायीनं पिशव्याच खाल्ल्या असतील. उगाच वाटीला बोल लावतेस."

जयवंतीने पदराआडून वाटी काढली आणि मनोरमाच्या ओट्यावरच्या गरम पाण्याच्या पातेल्यात टाकली. दोघी बघत बसल्या. पीठ सुटायला लागलं, पाणी पांढरं झालं, वाटी ढासळली. मग त्या पांढऱ्या पाण्यातून पापुद्रा अलगद वर आला आणि तरंगत राहिला, वाटीच्या आकाराचा, लोंबीसकट.

मनोरमाने त्याला हात लावला नाही. दाराबाहेर तिचे दोन्ही बैल पेंढा खात होते. ती त्यांच्याकडे बघत म्हणाली, "तू खाऊन दाखवलीस म्हनून घेतल्या आम्ही."

"हां," जयवंती म्हणाली.

"तुझ्या तोंडाकडं बघून घेतल्या, जयवंती. त्या पोराला कोन वलखतो?"

"हां."

उरलेल्या पाचही घरी ती गेली. एकाने बैलाच्या कुशीवर लगेच टिचक्या मारून पाहिल्या. एकीने चहा केला होता तो आत नेला. एका म्हातारीने पापुद्रा हातात घेऊन डोळ्यांजवळ धरला, लोंबीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "ठसा मात्र बेस हाय." ते जयवंतीला सगळ्यात जास्त लागलं.

*

पहिला दिवस गेला, दुसरा गेला. रतनी उभी असायची, पेज प्यायची, डोळ्यांना थोडं पाणी यायचं. पण जबडा हलत नव्हता. सदानंद बायकोला चिडवणं विसरून गेला होता. गोठ्यातच खाट टाकून तो बसायचा आणि गायीच्या गळ्याकडे बघत राहायचा. शेडमधून फोन आले, जयवंतीने उचलले नाहीत. अकराशे वाट्या गेल्या की नाही हेही तिला ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती भाकऱ्या थापत होती. उन्नतीला लवकर निघायचं होतं. तिने घड्याळाकडे पाहिलं, रिकाम्या डब्याकडे पाहिलं, आणि सासूकडे न बघता म्हणाली, "आई, आज तुमचीच भाकरी द्या तिला." एवढं बोलून ती गेली. जयवंती तव्यासमोर तशीच बसून राहिली, आणि भाकरी एका बाजूने करपली.

दुसरी भाकरी तिने नीट भाजली, त्यावर गूळ ठेवला आणि रिद्धीच्या हातात दिली. दोघी गोठ्याशी आल्या. उन्हं नुकती आत शिरली होती. रतनी मान खाली घालून उभी होती. मग तिच्या गळ्यातून काहीतरी गोळ्यासारखं वर चढताना दिसलं. तिने मान उचलली. जबडा एकदा डावीकडे गेला, थांबला, पुन्हा डावीकडे गेला, आणि मग चालूच राहिला.

"गो!" सदानंद खाटेवरून उडालाच. "रवंथ! रवंथ करते गो!" साठीला आलेला बाप्या रतनीच्या मानेला मिठी मारून लहान पोरासारखा रडायला लागला. जयवंतीने गोठ्याच्या खांबाला हात टेकला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

मग तिचं लक्ष रिद्धीकडे गेलं. रिद्धीचे दोन्ही गाल फुगलेले होते. भाकरीचा घास तिने मघाच तोंडात घेतला होता आणि रतनीकडे बघत बघत तीही चावत होती. चावतच होती. घास खाली जात नव्हता.

"आजी," भरल्या तोंडाने ती म्हणाली, "हे गिळायचं ना? की पोटात राहील?"

जयवंतीने स्वतःच्या हाताने पीठ मळलं होतं, स्वतःच्या हाताने थापलं होतं, तांदूळ स्वतःच्या शेतातला होता. तरी तिने रिद्धीच्या हातातला उरलेला तुकडा घेतला. तो उजेडाकडे धरला. एका बाजूने पाहिला, उलटून दुसऱ्या बाजूने पाहिला.

मग म्हणाली, "गीळ, बाय."